पीपीच्या दाण्यात ठिबकच्या नळ्या मिसळल्या की घमेलं ठिसूळ होतंय, कम्पॅटिबिलायझर टाकूनही फरक नाही

घमेलंवाला_एरंडोल

राम राम मंडळी. धंद्यातला प्रश्न आहे, लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितोय. एरंडोलजवळ आमचं छोटं युनिट आहे, एक इंजेक्शन मोल्डिंग मशीन, दाणा काढायला एक जुनं सिंगल स्क्रू एक्स्ट्रूडर, ग्राइंडर आणि धुवायचा हौद. काळी घमेली काढतो, बांधकामावर जातात आणि शेतकरी पण नेतात. इतके दिवस माल म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि जळगावच्या चटईवाल्यांकडची कात्रण, म्हणजे सगळा पीपीच (पॉलिप्रॉपिलीन). मागच्या वर्षापासून जुन्या ठिबकच्या नळ्या खूप स्वस्तात मिळायला लागल्या, केळीवाले दोन-तीन पिकं झाली की नळ्या गुंडाळून बांधावर टाकतात, तर मी त्या आणून दळून १०० किलोत ३० किलो मिसळायला लागलो. नळीचा माल वाकतो, तुटत नाही, म्हणून मला वाटलं घमेलं उलट चिवट होईल.

दिवाळीपर्यंत तक्रार नव्हती. थंडी पडली आणि डिसेंबरात धरणगावच्या एका ठेकेदाराने एकदम ४० घमेली परत आणून टाकली. सकाळी सकाळी पहिलाच माल ओतताना फुटतात म्हणाला. मी स्वतः वाळू भरून पाडून बघितलं तर टक्क असा काचेसारखा आवाज येतो आणि तळाच्या मधल्या गेटपासून, म्हणजे साच्यात माल शिरतो त्या जागेपासून, काठापर्यंत सरळ चीर जाते. आणि अजून एक, गेटच्या आजूबाजूला नख लावलं की वरची कातडी पापुद्र्यासारखी सुटते.

एका सप्लायरने सांगितलं की दोन प्लास्टिक जुळत नाहीत म्हणून कम्पॅटिबिलायझर, म्हणजे दोघांना जोडणारा माल, टाका, त्याच्याकडून २५ किलोची गोणी घेतली, मॅलिक अनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं पीपी आहे असं लिहिलंय. ३ टक्के टाकलं, मग ५ टाकलं. काहीच फरक नाही. पापुद्रा पण तसाच. आता प्रमाण अजून वाढवू का, की माल खोटा आहे, की हे मिश्रणच सोडून देऊ? पोरं कामाला आहेत, नळ्यांचा माल चार महिन्यांचा भरून ठेवलाय, नीट सांगा कोणीतरी.

दाणावाले_आप्पा

भाऊ, माल खोटा नसणार. औषध खरं आहे पण दुसऱ्या आजाराचं आहे. मी जळगाव एमआयडीसीत बावीस वर्षं दाणा काढतोय आणि ही चूक मी दर वर्षी दोघा-तिघांना करताना बघतो, कारण सप्लायर नुसतं कम्पॅटिबिलायझर म्हणून विकतो, कुठल्या जोडीसाठी ते सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

आधी रोग समजून घ्या. पीपी आणि पीई (पॉलिइथिलीन, म्हणजे तुमच्या नळीचा माल) दोन्ही तेलाच्याच जातीचे, दोन्ही पाण्यावर तरंगतात, हातात घेतले तर भाऊ भाऊ वाटतात, पण वितळल्यावर एकमेकांत विरघळत नाहीत. तुमच्या ७०-३० च्या मालात पीपीचं शेत आहे आणि त्यात एलएलडीपीईचे, म्हणजे नळीतल्या पीईचे, थेंब पडलेत असं समजा. थेंब आणि शेत यांच्यामध्ये धरून ठेवणारं काही नाही. घमेल्याला धक्का बसला की चीर त्या थेंबाच्या काठाने फिरत जाते, थेंब ताणलाच जात नाही, म्हणजे नळीचा चिवटपणा तुमच्या घमेल्यात आहे पण कामाला येत नाही. आणि गेटजवळ माल सगळ्यात जोरात घासत आत जातो, तिथे हे थेंब लांबट होऊन पट्ट्या पडतात, म्हणून नखाने सोपटं निघतायत. केळीचा खांब सोलताना जशी एकावर एक सोपटं सुटी होतात तसंच. पापुद्रा सुटणं हीच खरी खूण आहे, लॅबचा रिपोर्ट नंतर.

आता मॅलिकवाला माल काय करतो. त्या साखळीवर जो मॅलिक अनहायड्राइडचा आकडा लावलेला असतो तो कशाला तरी अडकावा लागतो. नायलॉनच्या साखळीच्या टोकाला अमाइन असतं, त्याला तो पक्का रासायनिक धरतो, म्हणून पीपी आणि नायलॉन जोडायला तो एक नंबर. काचेचा धागा, लाकडाचा भुसा असं पीपीत भरायचं तरी चालतो. पण तुमच्या नळीतल्या पीईवर अडकवायला काहीच नाही, नुसता कार्बन आणि हायड्रोजन. आकडा आहे आणि कडी नाही. मग तुम्ही ३ टाका नाहीतर १५ टाका, तुम्ही फक्त महाग पीपी टाकताय.

तुमच्या जोडीला असा माल पाहिजे ज्याची साखळी एका अंगाने पीपीशी जमते आणि दुसऱ्या अंगाने पीईशी. बाजारात पीओई म्हणून मिळतो तो इथिलीन-ऑक्टीनचा रबरासारखा दाणा, नाहीतर इथिलीन-प्रॉपिलीनचं रबर, आणि वरच्या दर्जाचे ओलेफिन ब्लॉक कोपॉलिमर, त्याला ओबीसी म्हणतात, ते सगळ्यात चांगले पण किंमत बघून घ्या. घमेल्यासाठी मी पीओईने सुरुवात करेन, ५ टक्के, मग ८, मग १०. इथिलीन-प्रॉपिलीनचं रबर मिळालं तर त्याची एक मजा आहे, ते पीईच्या थेंबाभोवती जाऊन बसतं, आत पीई आणि वरून रबराचं कवच, त्यामुळे थेंब शेताला चिकटतो आणि धक्का पण गिळतो.

पण हे सगळं करायच्या आधी मला तीन गोष्टी सांगा. बॅरलचं, म्हणजे माल वितळतो त्या नळकांड्याचं, तापमान किती ठेवता, नळी आणि गोणीचा चुरा सरळ मोल्डिंगच्या हॉपरमध्ये टाकता की आधी एक्स्ट्रूडरमधून दाणा काढता, आणि गोण्या किती उन्हात पडलेल्या असतात.

पल्लवी_पॉलिमर

आप्पांनी बरोबर सांगितलंय, मी थोडं थंडीबद्दल लिहिते कारण प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे की दिवाळीपर्यंत तक्रार नव्हती. मी पॉलिमरमध्ये एमटेक केलंय, आता टेस्टिंगचंच काम करते, माहेर चोपड्याचं.

साध्या पीपीचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली साखळ्या हलायच्या थांबतात आणि माल काचेसारखा वागायला लागतो, ते शून्य अंशाच्या आसपास असतं. पीईचं उणे १०० च्याही खाली. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८-१० अंशापर्यंत उतरतं, त्यात घमेलं रात्रभर उघड्यावर पडलेलं आणि धक्का एकदम बसतो. धक्का जितका जोरात तितका माल जास्त थंड असल्यासारखा वागतो, हे लक्षात ठेवा. म्हणजे सकाळच्या पहिल्या घमेल्याला पीपी जवळजवळ काठावर उभा असतो. ऑक्टोबरात तोच माल स्वतः थोडा ताणला जात होता म्हणून आतली फट झाकून गेली. दादा, तुमचं मिश्रण दिवाळीपूर्वी पण वाईटच होतं, दिसलं थंडीत.

रबर किंवा पीओई टाकल्यावर चिवटपणा नेमका कुठून येतो हे पण सांगते, म्हणजे प्रमाण ठरवताना आंधळेपणा नको. थेंब एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असले आणि नीट चिकटलेले असले की धक्का बसल्यावर एकच मोठी चीर पळत नाही, हजारो थेंबांभोवती थोडं थोडं ताणलं जातं आणि धक्क्याची ताकद तिथेच जिरते. थेंब मोठे असले, दहा-वीस मायक्रॉनचे, तर तो थेंबच चिरेची सुरुवात होतो. म्हणून चिकटवणं हे अर्धं काम, बारीक करणं हे दुसरं अर्धं. कम्पॅटिबिलायझर दोन्ही करतो, थेंबाच्या काठावर बसून दोन प्लास्टिकमधला ताण कमी करतो म्हणून स्क्रूला थेंब सहज फोडता येतात, आणि फुटलेले थेंब परत एकमेकांत मिसळू देत नाही.

गोधडीचा टाका डोळ्यासमोर आणा. वरचा कपडा आणि खालचा कपडा वेगळा, टाका दोन्हींतून आरपार गेला तर गोधडी एकजीव, नुसता वरच्या कपड्यात अडकला तर धुतल्यावर सुटते. साखळी पण तशीच, तिचा पीपीचा भाग पुरेसा लांब पाहिजे, पीईचा भाग पण पुरेसा लांब पाहिजे, तरच ती दोन्हीकडे गुंतून बसते. २०१७ साली अमेरिकेत कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी पीई आणि पीपीचे चार तुकडे आळीपाळीने जोडलेली साखळी बनवली, आणि ती फक्त १ टक्का टाकून ७० पीई आणि ३० पीपीचं ठिसूळ मिश्रण कितीतरी पट ताणलं जाईल असं चिवट झालं. तो माल आपल्याला एरंडोलला मिळणार नाही पण मुद्दा कळतो, की जोडीला जुळणारा माल असला तर १ टक्का पुरतो आणि नसला तर १५ टक्के वाया जातो.

मोजायचं कसं तर घरच्या घरी होईल. बर्फाच्या पाण्यात घमेलं अर्धा तास बुडवून ठेवा, बाहेर काढल्या काढल्या १५ किलो वाळू भरून एका ठरलेल्या उंचीवरून ठरलेल्या फरशीवर पाडा. प्रत्येक प्रयोगाची कमीत कमी १० घमेली, आणि १० पैकी किती फुटली ते वहीत लिहा. एकदोन पाडून मन बनवू नका. बरं वाटलं की मग छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटला, म्हणजे सरकारी प्लास्टिक संस्थेला, सँपल पाठवून आयझॉड (धक्क्याची चाचणी) आणि डीएससी (कुठल्या तापमानाला काय वितळतं त्याची चाचणी) करून घ्या, डीएससीत पीई १२५ च्या आसपास आणि पीपी १६०-१६५ ला असे दोन वेगळे डोंगर दिसतात, त्यावरून तुमच्या गोणीच्या मालात आधीच किती पीई होतं ते पण कळतं.

केळीवाला_यावल

मी कारखानदार नाही, नळ्या विकणाऱ्यांपैकी आहे, पण वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्या नळ्या तुमच्याकडे येतात त्या काय सोसून येतात ते तुम्हाला माहीत पाहिजे. वर्षभर त्यातून युरिया, पोटॅश, फॉस्फरिक जातं, क्षार बसले की अ‍ॅसिड सोडून धुतो, आत मातीचा आणि शेवाळाचा थर असतो. वरून पाण्याने धुतलं तरी नळीच्या आतला थर तसाच राहतो. मी एकदा जुनी नळी उभी चिरून बघितली होती, आत हाताला खरखर लागेल असा पांढरा क्षार चिकटलेला आणि ड्रिपरच्या फटीत काळी माती घट्ट बसलेली. काही ड्रिपरमध्ये तर रबराची छोटी चकती पण असते. हे सगळं तुमच्या घमेल्यात गेलं तर चीर तिथूनच सुरू होणार नाही का?

म्हणून दळायच्या आधी उभी चिरा, नाहीतर आधी दळून मग धुवा, दोनदा पाणी बदला. आम्ही पण बांधावर टाकताना नळ्या, गोण्या, मल्चिंगचे कागद सगळं एकात गुंडाळतो, ते पण चुकतंय आमचं. या वर्षी मी तिन्ही वेगळे ठेवणार, विकत घेणाऱ्याने भाव थोडा बरा दिला तर आजूबाजूचे पण ठेवतील.

दाणावाले_आप्पा

यावलकरांनी लाखाची गोष्ट सांगितली. पीपी आणि पीई पाण्यात टाकून वेगळे होत नाहीत कारण दोन्ही तरंगतात, आणि मोठ्या प्लांटमध्ये जे प्रकाशाने ओळखणारं मशीन असतं त्याला काळा माल दिसत नाही, कार्बन सगळा प्रकाश खातो. पण एकदा दळलं की मगच हा त्रास, त्याच्या आधी तर डोळ्यांनी कळतं, पांढरी विणलेली गोणी पीपी, काळी नळी पीई. वेगळं करायची जागा बांध आणि तुमच्या युनिटचं फाटक हीच आहे. खताच्या गोणीत आतलं पातळ पारदर्शक अस्तर असतं ते पीईचं, ते पण काढा. मग तुमच्या हातात राहतं की किती मिसळायचं.

घमेलंवाला_एरंडोल

खूप आभार सगळ्यांचे. आते समजनं मले. आप्पांच्या तीन प्रश्नांची उत्तरं देतो.

तापमान २४५-२५० ठेवतो, कारण नळीचा माल घट्ट आहे, कमी केलं तर घमेल्याचा काठ पूर्ण भरत नाही. नळीचा चुरा आणि पीपीचा दाणा सरळ मोल्डिंगच्या हॉपरमध्ये हाताने कालवून टाकतो, वेगळा एक्स्ट्रूडरमधून काढत नाही, विजेचं बिल वाचतं. गोण्या भंगारवाल्याच्या अंगणात उघड्यावर असतात, काही तर हातात धरल्या की भुगा पडतो.

आणि पल्लवीताईंनी थेंब परत एकमेकांत मिसळतात असं लिहिलंय ते वाचून एक गोष्ट आठवली. जेवणाच्या सुट्टीनंतर पहिली पाच-सहा घमेली जी निघतात ती हमखास फुटतात. पोरं म्हणायची मशीन थंड पडतं म्हणून, पण मी हीटर चालूच ठेवतो.

पल्लवी_पॉलिमर

दादा, हीटर चालू ठेवता म्हणूनच फुटतात. माल हलत नाही पण वितळलेला आहे, अर्धा तास बारीक थेंब एकमेकांना भेटून मोठे होत जातात, कारण त्यांना अडवणारं कोणी नाही. वर २५० ला पीपीच्या साखळ्या तुटत राहतात. सुट्टीच्या आधी बॅरल रिकामं करा आणि तापमान खाली आणा, आणि परत सुरू केल्यावर पहिला माल गट्टा म्हणून बाजूला काढा. हा बदल फुकट आहे, आजच करा.

दाणावाले_आप्पा

आता भाऊ, तुमचे अर्धे दुखणे कम्पॅटिबिलायझरच्या आधीचे आहेत, ते आधी काढा नाहीतर पीओईचे पैसे पण जातील.

मोल्डिंगचा स्क्रू हा माल वितळवून ढकलायला असतो, कालवायला नाही. त्यात चुरा टाकून थेंब बारीक होणार नाहीत, पीओई टाकला तरी तो जागेवर पोचणार नाही. नळीचा चुरा, पीपी आणि पीओई तिन्ही एकत्र करून आधी तुमच्या जुन्या एक्स्ट्रूडरमधून एकदा काढा, पुढे बारीक जाळी लावा, त्याने दाब वाढतो, कालवणं सुधारतं आणि यावलकरांची माती पण जाळीतच अडकते. जाळी लवकर चोंदेल, बदलायचा कंटाळा करू नका. ट्विन स्क्रू असतं तर उत्तम, नसेल तर जॉबवर्कवर एक टन काढून घ्या आणि फरक बघा.

तापमान २०० ते २१५ मध्ये आणा. माल भरत नसेल तर तापमान वाढवून पीपी जाळू नका, नळीचं प्रमाण कमी करा. दोन्हींचा घट्टपणा जितका जवळ तितके थेंब चांगले फुटतात. तुमचा गोणीचा पीपी ऊन खाऊन पातळ झालाय, नळीचा पीई घट्ट आहे, पातळात घट्ट फोडायचा म्हणजे ताकात लोण्याचे गोळे फिरवल्यासारखं, फिरतात पण फुटत नाहीत. आणि हे नीट ध्यानात घ्या, ऊन आणि उष्णतेने पीपीची साखळी तुटते, पीईची उलट एकमेकांत जुळत जाते, म्हणजे जितका जुना माल तितकं हे अंतर वाढतं. कोणी सांगेल पेरॉक्साइड टाका, तर तेच होणार, पीपी अजून पातळ, पीई अजून घट्ट. नको.

जी गोणी हातात भुगा होते ती घमेल्यात जायलाच नको. कुठलाही कम्पॅटिबिलायझर तुटलेली साखळी परत जोडत नाही. चटईची कात्रण जास्त घ्या, ती कारखान्यातनं सरळ येते, ऊन लागलेलं नसतं. आणि अँटिऑक्सिडंट थोडं टाका, दाणा दोनदा वितळणार आहे.

सावदा_मोल्डर

पीओई महाग पडतो, मी सांगतो स्वस्तातला उपाय. जुन्या बॅटरीच्या डब्याचा दाणा मिळतो, तो पीपीसीपी असतो, म्हणजे पीपीतच इथिलीन-प्रॉपिलीनचं रबर कंपनीनेच मिसळलेलं. तोच २०-२५ टक्के टाका, रबर आपोआप मिळतं, थंडीत एकदम चांगला चालतो. आम्ही बादल्यांना वापरतो.

पल्लवी_पॉलिमर

सावदाकर, मालाच्या दृष्टीने तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, त्यात रबराचे थेंब आधीच बारीक बसवलेले असतात आणि ते पीईला पण धरतात. पण मी हात जोडून सांगते, बॅटरीच्या डब्याचा दाणा कुठून आला ते कळल्याशिवाय घेऊ नका. त्या डब्यात शिसं आणि अ‍ॅसिड असतं. रस्त्याकडेला फोडून, नुसत्या पाण्याने धुऊन दळलेल्या चुऱ्यात शिशाची पूड राहते, ती तुमच्या ग्राइंडरवर उभ्या असलेल्या बायकांच्या श्वासात जाते आणि घरी लेकरांपर्यंत कपड्यांवरून जाते. शिसं शरीरात साठतं, लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडूनच घ्यायचं. आणि घमेलं काय फक्त सिमेंटला वापरतात का? शेतकरी त्यात भुईमुगाच्या शेंगा धुतो, धान्य भरतो. बादलीत तर पाणी.

पीपीसीपीच पाहिजे तर फुटलेल्या खुर्च्या, फळांचे कॅरेट, गाडीचे बंपर यात बघा. कॅरेट घेताना एक बघायचं, काही एचडीपीईचे (पीईचाच कडक प्रकार) पण असतात, खाली तळाला त्रिकोणात आकडा असतो, ५ म्हणजे पीपी आणि २ म्हणजे एचडीपीई.

सावदा_मोल्डर

ताई, बरोबर आहे तुमचं. मी दलालाकडून घेत होतो, कुठून येतो विचारलं नव्हतं. उद्याच विचारतो, कागद नसला तर बंद.

घमेलंवाला_एरंडोल

मंडळी, साडेतीन आठवडे झाले, जे केलं ते सांगतो.

पहिल्या आठवड्यात पीओई आणलाच नाही. फक्त भुगा होणाऱ्या गोण्या बाजूला काढल्या, नळ्या उभ्या चिरून दळल्या आणि दोन पाण्यांनी धुतल्या, पहिलं पाणी अक्षरशः चहासारखं निघालं. सगळं एक्स्ट्रूडरमधून जाळी लावून काढलं, तापमान २१० वर आणलं, नळी ३० वरून २० टक्के केली, सुट्टीत बॅरल रिकामं. बर्फाच्या पाण्याची परीक्षा केली, जुन्या मालाची १० पैकी ९ फुटली होती, या मालाची ६. पापुद्रा मात्र होताच, थोडा कमी.

मग ६ टक्के पीओई टाकून तेच परत केलं. १० पैकी १ फुटलं. आणि ते फुटलं ते पण वेगळं फुटलं, टक्क आवाज नाही, तळाला आधी पांढरा डाग पडला, मग हळूहळू फाटत गेलं आणि काठापाशी येऊन चीर थांबली. गेटला नख लावलं तर कातडी निघाली नाही, मी स्क्रूड्रायव्हरने पण उकरून बघितलं. खरं सांगतो, तो पांढरा डाग बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा मशीन आणलं त्या दिवशी झाला नव्हता. ठेकेदाराला ४० च्या बदल्यात ४० नवी नेऊन दिली, सकाळी सातला त्याच्यासमोर त्याच्याच साइटवर पाडून दाखवली.

९ टक्क्यांचा पण प्रयोग केला, एकही फुटलं नाही, पण घमेलं लिबलिबीत वाटतं. दोन्ही कानांना धरून ओलं काँक्रीट उचललं की मध्ये झोळ येतो. आता थंडीत असा तर मे महिन्यात काय होईल? आणि ती मॅलिकवाली गोणी अर्धी शिल्लक आहे तिचं काय करू?

दाणावाले_आप्पा

शाब्बास. पांढरा डाग म्हणजे माल ताणला जातोय, धक्का जिरवतोय, हेच पाहिजे होतं.

९ वर जाऊ नका. रबर वाढलं की चिवटपणा वाढतो आणि कडकपणा जातो, हे कायमचं देणंघेणं आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, उन्हात ठेवलेलं काळं घमेलं त्याहून कितीतरी जास्त तापतं. ६ वरच थांबा, कान आणि काठाखाली जिथे झोळ येतो तिथे पुढच्या वेळी मोल्ड दुरुस्तीला गेला की एक रिब वाढवून घ्या. उन्हाळ्याच्या मालात नळी १५ वर आणून पीपी वाढवला आणि पीओई ५ केला तरी चालेल, थंडीचा माल वेगळा आणि उन्हाळ्याचा वेगळा असं दोन वह्यांत ठेवा. नळीतल्या दोन-अडीच टक्के कार्बनमुळे थोडा उन्हाचा बचाव मिळतो पण २० टक्के नळीतून घमेल्यात येणारा कार्बन फार कमी, म्हणून चांगल्या काळ्या मास्टरबॅचमध्ये (रंगाच्या दाण्यात) हात आखडता घेऊ नका, आणि त्या मास्टरबॅचमध्ये नुसता खडू भरलेला नाही ना ते बघून घ्या.

मॅलिकची गोणी फेकू नका, तोंड घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा. तेलाच्या पाऊचचा माल कधी आला तर विचारा, त्यातल्या बऱ्याच पाऊचच्या मधल्या थरात नायलॉन असतं, पीपीत तो गेला की बारीक दाणे दाणे राहतात. तिथे हीच गोणी कामाला येईल, पण आधी तो माल ८० अंशाला चार-पाच तास नीट वाळवावा लागेल, नायलॉन पाणी पितं.

केळीवाला_यावल

एरंडोलकर, माझ्याकडे साधारण ७०० किलो नळी निघणार आहे फेब्रुवारीत, चिरून आणि आतून धुऊन देतो, गोण्या आणि मल्चिंग वेगळं. भाव मेसेजमध्ये बोलू. आणि त्यातलीच चार घमेली मला ठेवा, घड उतरवताना खाली फण्या गोळा करायला लागतात.